मामांच्या ट्रंकेपासून डिग्रजच्या उसापर्यंत: मॉडेल विमानाचा रेडिओ निवडताना आणि वापरताना

मे २०२४ मध्ये मिरजेतील मामांचे घर रिकामे करताना त्यांच्या लोखंडी ट्रंकेत विमानाचा एक जुना रेडिओ कंट्रोल सापडला. ओढल्यावर मीटरभर लांब होणारी अँटेना, दोन दांड्या, गंजलेले सेल आणि मागच्या खाचेत बसवलेला २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल एवढे त्यात होते. विमानात बसून सिग्नल झेलणारा रिसीव्हर मात्र कुठेच नव्हता. तरुणपणी मामा विमाने उडवत असत हे आम्हा भाचरांना ऐकून माहीत होते, पाहिले कोणीच नव्हते. मी हिशेबनीस आहे, वय ४६, आणि विजेच्या उपकरणांशी माझा संबंध इन्व्हर्टरमध्ये पाणी घालण्यापुरता होता. तरीही तो संच भंगारात घालायला मन होईना.

माधवनगरात एक निवृत्त गृहस्थ अनेक वर्षे मॉडेल विमाने उडवतात असे कळल्यावर तो संच पिशवीत घालून मी त्यांच्याकडे गेले. त्यांना मी काका म्हणते. काकांनी क्रिस्टल काढून हातावर ठेवला आणि जुन्या काळची अडचण समजावून सांगितली. त्या संचात एक क्रिस्टल म्हणजे एक ठरलेली लहर, आणि मैदानावर दुसऱ्या कोणी त्याच लहरीचा संच सुरू केला की हवेतले विमान दोघांचेही ऐकेनासे होऊन पडत असे. म्हणून उडवणारे लोक फळीवर लहरीच्या क्रमांकाचा चिमटा लावून पाळी ठरवत. आताचे संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. ते सतत लहर बदलत राहतात आणि रिसीव्हर फक्त स्वतःशी जोडलेल्या ट्रान्समीटरचेच, म्हणजे हातातल्या संचाचेच, ऐकतो. या जोडणीला बाइंडिंग म्हणतात. २७ मेगाहर्ट्झचा तो पट्टा आपल्याकडे आजही विनापरवाना आहे, त्यामुळे कायद्याची आडकाठी नव्हती, पण रिसीव्हरच नसलेल्या संचासाठी धडपडण्यात अर्थ नव्हता.

जून महिना निवड करण्यात गेला. सवयीप्रमाणे मी वहीत रकाने आखले आणि पहिला रकाना चॅनेलच्या, म्हणजे स्वतंत्रपणे हलवता येणाऱ्या गोष्टींच्या, संख्येचा ठेवला, कारण जाहिरातीत तोच आकडा सर्वांत मोठा असतो. काकांनी वही पाहिली आणि विचारले, "रिसीव्हर कितीला पडतो आणि सांगलीत बसून किती दिवसांत मिळतो, तो रकाना कुठे आहे?" ट्रान्समीटर एकदाच घ्यायचा असतो, रिसीव्हर मात्र प्रत्येक विमानात एक लागतो, आणि एका कंपनीचा रिसीव्हर दुसऱ्या कंपनीच्या ट्रान्समीटरशी सहसा बोलत नाही. फुटाबाची भाषा वेगळी, स्पेक्ट्रमची डीएसएमएक्स वेगळी, फ्लायस्कायची एएफएचडीएस वेगळी. चॅनेलचे म्हणाल, तर शिकाऊ विमानाला चार पुरतात: एलेरॉन (डावी-उजवीकडे कलणे), एलिव्हेटर (नाक वर-खाली), थ्रॉटल (मोटरचा वेग) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळणे). सहा असले की फ्लॅप किंवा एखादे बटण जोडता येते. त्यापुढचा आकडा शिकणाऱ्याच्या उपयोगाचा नाही.

शेवटी वहीत दोनच पर्याय उरले. पहिला फ्लायस्कायच्या एफएस-आय६ सारखा सहा चॅनेलचा संच. तो साध्या चार पेन्सिल सेलवर चालतो, तेव्हा रिसीव्हरसह पाच हजारांच्या आसपास मिळत होता आणि अर्ध्या दिवसात हाताखाली येतो. दुसरा पर्याय एजटीएक्स नावाची मुक्त प्रणाली असलेला, एक्सप्रेसएलआरएस पद्धतीचा ट्रान्समीटर. ही पद्धत कोणा एका कंपनीची नसल्यामुळे तिचे रिसीव्हर अनेक कंपन्या बनवतात. विमानाकडून जमिनीकडे रेडिओ दुव्याची गुणवत्ता आणि सिग्नलची ताकद उलट कळवली जाते (याला टेलिमेट्री म्हणतात), आणि यूएसबीने संगणकाला जोडला की तोच ट्रान्समीटर सरावासाठी जॉयस्टिक होतो. मी दुसरा घेतला. पण ज्यांना मेनूत शिरून आकडे बदलण्याचा कंटाळा आहे त्यांनी निःसंकोच पहिला घ्यावा, आणि हे मी दुसरा वापरून झाल्यावर सांगते आहे. संचाच्या कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे घडले त्यात दोष माझा होता.

दांड्यांची मांडणी खरेदीपूर्वीच ठरवावी लागते. मोड २ मध्ये थ्रॉटल आणि रडर डाव्या हाताला असतात, एलिव्हेटर आणि एलेरॉन उजव्या हाताला. मोड १ मध्ये थ्रॉटल उजवीकडे जातो. कोणता चांगला यावर लोक हिरिरीने वाद घालतात. शिकवणारा जो वापरतो तोच घ्यावा, म्हणजे अडचणीच्या क्षणी त्याला तुमच्या हातातून ट्रान्समीटर घेता येतो. काकांचा मोड २, म्हणून माझाही मोड २.

याच सुमारास फोनवर एका विक्रेत्याने ९१५ मेगाहर्ट्झचा संच सुचवला, का तर तो लांब पोचतो. तो मी घेतला नाही. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ च्या अधिसूचनेने ४ वॅटपर्यंत विनापरवाना केलेला आहे, आणि माझ्या ट्रान्समीटरची कमाल शक्ती ०.२५ वॅट आहे. ९१५ च्या आसपासची जागा मात्र आपल्याकडे मोबाइल सेवेची आहे, हौशी माणसांची नव्हे. परदेशी संकेतस्थळावर माझाच संच १,८०० रुपयांनी स्वस्त दिसत होता, तोही मोह सोडला. बिनतारी उपकरण बाहेरून आणायचे तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए ही मान्यता लागते आणि एका नगासाठी ते कागद जमवणे माझ्या आवाक्याबाहेरचे होते. पुण्याच्या विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घेतला आणि ईटीएची प्रत मागितली. चार दिवसांनी ती व्हॉट्सॲपवर आली. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

पैसे भरण्यापूर्वी एक रविवार ड्रोन नियम २०२१ वाचण्यात घालवला. ते २५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झाले आणि दूरनियंत्रित मॉडेल विमानेही त्यांतच येतात, हे पुष्कळ हौशी लोकांना ठाऊक नसते. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तेथून २ किलोपर्यंत मायक्रो. माझे विमान साधारण ९०० ग्रॅमचे होणार होते, म्हणजे मायक्रो, आणि हौसेसाठी मायक्रो उडवणाऱ्याला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. शिक्षण वा करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या बनावटीची सरकारी मान्यता, हेही लागत नाही. नोंदणीचा अर्ज डी-२, शुल्क १०० रुपये. या नोंदणीत विमानातील नियंत्रकाचा आणि जमिनीवरील ट्रान्समीटरचा अनुक्रमांक विमानाच्या क्रमांकाशी जोडला जातो, त्यामुळे खोक्यावरचे स्टिकर फेकून देऊ नयेत. माझ्या विमानात तोल सावरणारा एक छोटा नियंत्रक होता, त्याचे खोके मी रद्दीत दिले होते आणि सुदैवाने रद्दीवाला तोवर आला नव्हता. ड्रोन कुठे उडवता येतात ते दाखवणाऱ्या सरकारी नकाशात आत्याचे मौजे डिग्रजचे शेत हिरव्या क्षेत्रात होते. तेथे ४०० फुटांपर्यंत परवानगी असते, आणि कोल्हापूरचे विमानतळ तेथून तीस किलोमीटरहून लांब आहे. तरीही नकाशा प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी उघडावा, कारण एखादे क्षेत्र तात्पुरते लाल होऊ शकते. गावच्या पोलीस पाटलांना मी आधीच भेटून आले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कॅमेरा आहे का त्यात?" नव्हता.

८ जुलैला मागणी नोंदवली. ट्रान्समीटर ७,४०० रुपये, सहा चॅनेलचा रिसीव्हर १,९००, चार्जर १,६००, २२०० एमएएचची तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी १,७५०, मोटर आणि तिचा वेग सांभाळणारा ईएससी मिळून १,०५०, एलेरॉन-रडर हलवणारे नऊ ग्रॅमचे चार सर्व्हो ५२०. ट्रान्समीटर तीन दिवसांत आला. लिपो विमानाने पाठवत नाहीत, ती रस्त्याने येते, त्यामुळे नवव्या दिवशी आली. ट्रान्समीटरला लागणारे १८६५० जातीचे दोन सेल मात्र त्याच्यासोबत येत नाहीत. नव्या सेलना नऊशे रुपये पडत होते. लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या एका दुकानातून जुन्या बॅटरीतून काढलेले दोन सेल मी १२० रुपयांत आणले आणि हिशेबात सातशे ऐंशी रुपये वाचले म्हणून खूश झाले.

बाइंडिंगला एक अख्खी संध्याकाळ गेली. रिसीव्हरची वीज तीनदा दिली-काढली की तो बाइंडिंगसाठी तयार होतो, पण माझा दिवा लुकलुकतच राहिला. ट्रान्समीटरमधील प्रणालीची आवृत्ती तिसरी होती आणि रिसीव्हरमधील दुसरी. या दोघींचे जुळत नाही. मिनिटभर दुवा मिळाला नाही की रिसीव्हर स्वतःचे वायफाय सुरू करतो, फोन त्याला जोडून १०.०.०.१ हा पत्ता उघडला की त्याचे पान दिसते आणि तेथूनच नवी आवृत्ती भरता येते. रात्री साडेदहाला दिवा स्थिर झाला तेव्हा घरात दुसरे कोणी जागे नव्हते, म्हणून मी एकटीनेच चहा करून घेतला.

त्यानंतर चॅनेलचा क्रम ठरवायचा होता. एजटीएक्समध्ये तो आपल्याला हवा तसा लावता येतो. काकांचा हात जुन्या स्पेक्ट्रम पद्धतीला बसलेला, ज्यात थ्रॉटल पहिल्या चॅनेलवर असतो आणि मग एलेरॉन, एलिव्हेटर, रडर. मी त्यांचेच पाहून थ्रॉटल पहिल्यावर घेतला. दुसरा प्रचलित क्रम एलेरॉनपासून सुरू होतो आणि त्यात थ्रॉटल तिसरा येतो. विमान दोन्ही क्रमांत सारखेच उडते, म्हणून या निवडीवर मी दोन मिनिटांहून अधिक वेळ घालवला नाही.

नोंदणी क्रमांक हाती येईपर्यंतचा काळ पिकासिम या मोफत सिम्युलेटरवर गेला. रोज रात्री वीस मिनिटे. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटते, आणि हे बोटांना कळायला मला सहा आठवडे लागले. पडद्यावर मी किती विमाने आपटली याचा हिशेब ठेवलेला नाही. गणपतीच्या सुट्टीत विमान बांधले, फ्लेक्सवाल्याकडच्या सनपॅक शीटचे, ग्लू गनने चिकटवून. सुतारकामाबद्दल सांगण्यासारखे काही नाही, डावा पंख अजून किंचित वाकडा आहे. रिसीव्हर बसवताना मात्र काळजी घेतली: अँटेनाच्या टोकाचा उघडा भाग ३१ मिलिमीटरचा असतो, तो लहरीच्या लांबीचा चौथा हिस्सा आहे, म्हणून तो दुमडू वा कापू नये, आणि बॅटरी, मोटरच्या तारा, कार्बनची दांडी यांच्यापासून दूर ठेवावा. ट्रान्समीटरची अँटेनाही विमानावर नेम धरल्यासारखी रोखू नये. तिच्या टोकाच्या दिशेला सिग्नल सर्वांत क्षीण असतो.

एक तपासणी मी केली आणि ती चुकीची केली. दुवा तुटला तर रिसीव्हरने काय करायचे हे आधी ठरवून ठेवतात, त्याला फेलसेफ म्हणतात, आणि त्यात मोटर बंद झालीच पाहिजे. मी ट्रान्समीटर बंद ठेवला, विमानाला बॅटरी लावली, मोटर फिरली नाही. वहीत लिहिले, "फेलसेफ ठीक." खरे म्हणजे थ्रॉटल खाली आल्याचा सिग्नल एकदा मिळाल्याशिवाय ईएससी मोटरला वीजच देत नाही, त्यामुळे अशा तपासणीत मोटर कधीच फिरणार नव्हती. योग्य रीत अशी: पंखा काढावा, दोन्ही सुरू करावेत, मोटर अर्ध्या वेगाने फिरवावी आणि मग ट्रान्समीटर बंद करावा.

१२ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या सकाळी, पहिले उड्डाण झाले. सोयाबीन निघून रान मोकळे झाले होते. उड्डाणापूर्वी काकांनी उजवी दांडी उजवीकडे करायला लावून उजवे एलेरॉन वर उचलले जाते का ते पाहिले; ही दिशा उलटी असली तर विमान दोन सेकंदांत जमिनीत जाते. मग ट्रान्समीटरची शक्ती कमीत कमी करून तीस पावले लांब नेऊन पाहिले आणि शक्ती पुन्हा २५० मिलीवॅटवर आणली. दांड्यांना तीस टक्के एक्स्पो दिला होता, म्हणजे मधल्या भागात हात थरथरला तरी विमान फारसे हलत नाही. उड्डाण काकांनी केले, उंचीवर ट्रान्समीटर माझ्या हातात दिला आणि उतरवण्यापूर्वी परत घेतला. मधली चार मिनिटे मी श्वास घेतला की नाही ते आठवत नाही. पुढच्या तीन रविवारांत मी स्वतः उतरवू लागले.

३ नोव्हेंबरला भाऊबीज होती. दादा पुण्याहून आला होता आणि ओवाळणी आटोपल्यावर मी त्याला डिग्रजला घेऊन गेले. दुसऱ्या फेरीत, विमान दीडशे मीटरवर असताना, हातातला पडदा अंधारला. आधी सूचनेचा सूर वाजला असणार, पण मी दादाशी बोलत होते. लॅपटॉपमधून काढलेले ते जुने सेल पूर्ण शक्तीच्या भाराखाली एकदम बसले होते. दुवा तुटल्यावर मोटर थांबेल आणि विमान घसरत सोयाबीनच्या रानात येईल, अशी माझी खात्री होती. मोटर थांबली नाही. एकाच लयीत गुणगुणत विमान बांध ओलांडून शेजारच्या उभ्या उसावर गेले, थोडे कलले आणि दिसेनासे झाले.

दादाच्या टॉर्चमध्ये सुदैवाने त्याच जातीचा एक सेल होता. आतेभावाने गावातून दुसरा मिळवून आणला, तेव्हा वीस मिनिटे उलटली होती. ट्रान्समीटर सुरू झाला आणि "टेलिमेट्री" मिळाल्याचा आवाज आला. म्हणजे विमान आत कुठेतरी जिवंत होते आणि थ्रॉटल खाली असल्यामुळे मोटर आता नक्की थांबली होती. सिग्नलचा आकडा पाहत मी बांधाने चालू लागले. पण उसाच्या पानांत पाणी असते आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात मुरतात. दहा फूट उंच उसात पाच पावले आत गेले की आकडा कोणत्याही दिशेला सारखाच दिसायचा. पानांच्या धारेने हात कापले. अंधार पडता पडता आवाज आला, "टेलिमेट्री लॉस्ट." विमानात पन्नास रुपयांचा एक बझर लावला असता तर ते त्याच संध्याकाळी मिळाले असते.

त्या रात्रीच ऊस ज्यांचा त्यांना फोन करून आत लिपो बॅटरी असल्याचे सांगितले. ही गोष्ट लपवू नये, कारण तोडणीनंतर पाचट पेटवले तर ती भडकू शकते. ते रागावले नाहीत, "तोड आली की बघू," म्हणाले. तोड लांबली. नोव्हेंबर आणि डिसेंबर मी नव्या विमानावर पैसे घातले नाहीत. सेल मात्र नवे घेतले, नऊशे रुपयांचे, आणि कमी व्होल्टेजच्या सूचनेची मर्यादा वर नेऊन ती कंपनासह येईल अशी केली.

१२ जानेवारी २०२५ ला आतेभावाचा फोन आला. टोळी शेतात उतरली होती. मी पोचले तेव्हा मुकादमांनी विमान बैलगाडीच्या जुवाला टेकवून ठेवले होते. "ताई, नाकाला लागलंय थोडं," ते म्हणाले. पंखा तुटलेला, बॅटरी फुगलेली, सनपॅकला काही झालेले नव्हते. फुगलेली बॅटरी तेथेच काढून वाळूच्या बादलीत ठेवली. टोळीतल्या मुलांना ते उडताना पाहायचे होते, पण त्या दिवशी ते शक्य नव्हते. तोड संपण्यापूर्वी येण्याचे कबूल केले.

घरी येऊन रिसीव्हर पुसला, दुसऱ्या बॅटरीवर जोडला आणि मिनिटभर थांबून त्याचे वायफायचे पान उघडले. फेलसेफच्या रकान्यात तिसऱ्या चॅनेलसमोर ९८८ होते, म्हणजे पूर्ण खाली. बाकी सगळ्यांसमोर १५००, म्हणजे मधोमध. माझा थ्रॉटल पहिल्या चॅनेलवर होता. रिसीव्हरने भाऊबीजेच्या दिवशी सांगितल्याप्रमाणेच केले होते: एलिव्हेटर बंद पाडल्यासारखा खाली ओढला आणि मोटर अर्ध्या वेगावर ठेवली. पहिल्या चॅनेलसमोर ९८८ लिहिले, तिसऱ्यासमोर १५००, जतन केले. पंखा नसलेली मोटर अर्ध्या वेगाने फिरवली आणि ट्रान्समीटर बंद केला. सेकंदभरात ती थांबली.

टोळी २ फेब्रुवारीपर्यंत डिग्रजला होती. आदल्या दिवशी, शनिवारी, नवा पंखा लावून आणि बझर जोडून मी गेले.